खारीची पाचवी पायरी

भाईंदर (पूर्व)
१२ जून १९९४

मितेश,

जय भीम. आमच्या घरी पत्राची सुरुवात अशीच होते, म्हणून. पुढे 'सप्रेम' लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

काल बाबांबरोबर केबिन रोडला गेले होते, तुझ्या मामांच्या प्रेसमध्ये. मावसभावाच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे. गणेश तिथे कामाला लागलाय, हे तुला माहीत असणारच. मला बघताच शाईचे हात पँटला पुसत धावत आला. "अगं, अपना गेम छपतोय! मितेश तुला बोलला नाय?" असं म्हणून त्यानं माझ्या हातात प्रुफं ठेवली. वर मोठ्या अक्षरात 'सातखिंडी : वीरांचा खेळ', खाली 'रचना : मितेश म्हात्रे'.

माझं नाव नाही, ते दिसलं. सहा वर्षं चौघांनी मिळून रचलेला खेळ, त्यातले निम्मे नियम माझे, आणि रचना तुझी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण त्यावर मी भांडणार नाही. नाव तुला लखलाभ. माझं भांडण चौथ्या प्रकरणाशी आहे.

प्रकरणाचं नाव 'कूळ'. सूर्यकूळ, चंद्रकूळ, नागकूळ, आणि सगळ्यांत खाली 'कुळाविना वीर'. सूर्यकुळात जन्मलेला वीर खेळ सुरू व्हायच्या आधीच तिसऱ्या पायरीवर उभा. कुळाविना वीरानं कितीही पराक्रम केला तरी पाचव्या पायरीच्या पुढे जायचं नाही. आणि त्याखाली उदाहरण कुणाचं? 'उदा. मिठागरातील खारी ही कुळाविना असल्याने पाचव्या पायरीवरच थांबते.'

माझी खारी नवव्या पायरीवर आहे, मितेश.

असं प्रकरण आपल्या खेळात कधीच नव्हतं. विसरला असशील तर सांगते, कारण नाशिकला इंजिनिअरिंगला गेल्यापासून तुझी स्मरणशक्ती सोयीप्रमाणे चालते. आठवीतली दिवाळीची सुट्टी, मोरव्याला तुझ्या बाळारामआजोबांची पडवी. तू, मी, सरोजा आणि गणेश. एकानं सूत्रधार व्हायचं आणि समोर काय आहे ते सांगायचं : खिंड, पूल, राक्षस, काय वाटेल ते. बाकीच्यांनी आपापला वीर काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते लुडोचे फासे ठरवणार. आणि संध्याकाळी उठण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न : "काल जमत नव्हतं असं आज काय केलंस?" उत्तर बाकीच्यांना पटलं तर वीर एक पायरी वर, नाही पटलं तर तिथेच. वर जायचा दुसरा रस्ता नव्हता. हा नियम माझा, आणि तो ऐकून तू म्हणाला होतास, "भारी आहे."

खारी मिठागरात जन्मली. तिची आई सरूबाई डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. तू सूत्रधार असलास की सरूबाईचा आवाज तूच काढायचास, "पोरी, तलवार घे नायतर झाडू घे, पण पाय कोरडे ठेव!" आम्ही हसून लोळायचो. दुसरी पायरी खारी चढली ती पोहायला शिकून. सहावी चढली ती जखमी राक्षसाला जिवंत सोडून, आणि तो पराक्रम की मूर्खपणा यावर आपण दोन रविवार भांडलो. शेवटी तूच म्हणालास, चढव तिला. आता तूच तिला चार पायऱ्या खाली ढकललंस. ती हरली नाही, चुकली नाही, फक्त जन्म चुकीच्या ठिकाणी झाला म्हणून.

पुस्तक दिवाळीत काढणार आहेस असं गणेश म्हणाला. मला एकच गोष्ट हवी आहे. चौथं प्रकरण पुस्तकात नको. बाकी हवं ते छाप, तुझा फोटोसुद्धा छाप.

फोन तुमच्या घरी आहे, आमच्याकडे नाही, आणि एसटीडी बूथवर उभं राहून लोकांसमोर मला तुझ्यावर ओरडायचं नाही. पत्रानं उत्तर दे.

संघप्रिया

ता. क. गणेशला काही बोलू नकोस. त्याला वाटलं मला आनंद होईल.


भाईंदर (पूर्व)
३ जुलै १९९४

मितेश,

चार पानांचं उत्तर मिळालं. त्यातली दीड पानं हॉस्टेलच्या मेसमधल्या डाळीवर. ती डाळ वाचूनच माझं डोकं तापलं होतं, पुढचं वाचल्यावर काय झालं असेल ते समजून घे.

तुझं पहिलं म्हणणं, खोलीतल्या मुलाच्या भावानं अमेरिकेहून असल्याच खेळाचं जाडजूड पुस्तक आणलंय, आणि त्यातही बुटक्या जातीच्या वीरांना ठरावीक पायरीपुढे जाता येत नाही. म्हणून तुझा नियम 'शास्त्रशुद्ध'. वा! तिकडच्या कुणाच्या डोक्यात भुसा होता म्हणून आपण तो आयात करून पुस्तकात भरायचा का? आणि त्यांचे बुटके तरी गोष्टीतले आहेत. मिठागरं इथे आहेत. फाटक ओलांडून पुढे गेलं की दिसतात.

दुसरं म्हणणं, 'अगं खेळ आहे, एवढं मनावर का घेतेस?' खेळ आहे ना? मग तू तरी का घेतोस? काढून टाक प्रकरण.

तिसरं मी तीनदा वाचलं. 'तुमच्या लोकांना प्रत्येक गोष्टीत जातच दिसते.'

तुमच्या लोकांना. सहा वर्षं एका परातीतल्या शेंगा खाल्ल्या तेव्हा मी 'लोक' नव्हते, संघप्रिया होते. तुला गणितात नापास होताना वाचवलं तेव्हाही मी एकटीच होते, मागे कुणी लोक उभे नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला ही तुझी जुनी सवय, पण हे तू बोलला नाहीस, लिहिलंस. लिहिताना माणूस थांबू शकतो. तू थांबला नाहीस, आणि मला ते फार लागलं. हे तुला कळावं म्हणून स्पष्ट लिहितेय.

आता माझं ऐक. तुझा पहिला वीर कोण होता? धोंडू नावाडी. खाडीत होडी चालवायचा, वल्हं हेच त्याचं शस्त्र. मला तो आवडायचा. नाशिकला गेल्यावर वर्षभरात धोंडू गायब झाला आणि त्याच्या जागी 'सूर्यकुलावतंस राजपुत्र वज्रबाहू' उगवला. हॉस्टेलमध्ये मुलं तुला 'मीठवाला' म्हणतात, 'आगऱ्या, जेवणात मीठ कमी आहे, घाल' म्हणतात, हे तूच मला मागच्या मे महिन्यात उत्तनच्या किनाऱ्यावर सांगितलंस. तेव्हा मला त्या मुलांचा राग आला होता. आता कळलं, तू त्या दुखण्यावर काय औषध काढलंस. आपण वर दिसायचं तर खाली कुणीतरी लागतं. म्हणून खारी.

आणि वर तुझा प्रस्ताव, खेळातला वाद खेळातच मिटवू, वज्रबाहू आणि खारी यांचं द्वंद्व होऊ दे. मी जिंकले तर चौथं प्रकरण जाणार, तू जिंकलास तर ते राहणार आणि मी पुन्हा तोंड उघडायचं नाही.

मंजूर.

गणेशला कावीळ झाली होती तेव्हा खेळलो तसं खेळू. दोघांनी आपापल्या पाच चाली आधीच लिहून पाकीट बंद करून सरोजाकडे पाठवायच्या, तिनं दोन्ही पाकिटं एकदम फोडायची. वार, ढाल, हूल. वार हुलीला कापतो, ढाल वाराला अडवते, हूल ढालीला फसवते. घाव वीराच्या पायरीएवढा, प्राण पायरीच्या तिप्पट.

मोठ्या मनानं लिहिलंयस, 'खारीला नववीच धर, मी समजून घेतो.' नको तुझं समजून घेणं. तुझ्या छापील नियमांनीच खेळू. वज्रबाहू नववा, खारी पाचवी. त्याचे दोन घाव बसले की ती मेली, तिला मात्र त्याला पाडायला सहा घाव लागतील आणि चालीच पाच आहेत. हिशोब मला येतो. तरी असंच खेळायचं, म्हणजे हरल्यावर तुला 'सवलत दिली होती' म्हणता येणार नाही.

फक्त एक कळव. द्वंद्वाचे बाकीचे नियम दुसऱ्या प्रकरणात छापलेत तेच आणि वीरांचे निर्बंध चौथ्यात छापलेत तेच, बरोबर ना? तुझ्या हस्ताक्षरात 'हो' हवं.

संघप्रिया


भाईंदर (पूर्व)
२४ जुलै १९९४

मितेश,

मुद्दाम पोस्टकार्ड लिहितेय. तुझ्या हॉस्टेलच्या पोरांनी वाचलं तरी चालेल.

तुझा 'हो' मिळाला. माझं पाकीट सरोजाकडे दिलं. तुझंही आलंय म्हणे, आणि त्याबरोबर तिला वेगळी चिठ्ठी, 'खारी बिस्कीट चहात बुडवायची वेळ झाली.' सरोजा नर्सिंगच्या परीक्षेला बसलीय, तिला असल्या विनोदांची गरज नाही. मला तर मुळीच नाही.

सहा वर्षांपूर्वी हाच विनोद केला होतास. तेव्हाही कोणी हसलं नव्हतं.

संघप्रिया


भाईंदर (पूर्व)
२१ ऑगस्ट १९९४

सूर्यकुलावतंस,

आज दुपारी सरोजाच्या घरी द्वंद्व झालं. तिची परीक्षा संपेपर्यंत तिनं पाकिटांना हात लावला नाही. गणेश प्रेसमधून जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत आला. पाकिटं फोडायच्या आधी सरोजानं आम्हा दोघांना दम दिला, "कोणी मधे बोलायचं नाय. मी सूत्रधार आहे. गणेश, तू तर अजिबातच नाय."

"पहिली चाल. मितेश, वार. संघप्रिया, ढाल."

गणेशनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"दुसरी चाल. मितेश, वार. संघप्रिया..." ती थांबली. "ढाल. अगं बाई."

"रुक रुक," गणेश ओरडला, "ये तो शस्त्र गिर गया ना? मीच कंपोज केलंय ते!"

दुसरं प्रकरण, शेवटचा परिच्छेद. ढालीवर लागोपाठ दोनदा वार आपटला की शस्त्र हातातून पडतं, आणि ज्याचं शस्त्र पडलं तो हरला. आपण हा नियम नववीत केला होता आणि कधीच वापरला नाही, कारण समोर ढाल दिसत असताना दुसऱ्यांदा तिच्यावरच डोकं आपटणारा मूर्ख आपल्यात नव्हता. पण बंद पाकिटात समोरचं दिसत नाही. तिथे आपला स्वभावच लिहिला जातो. तुझ्या उरलेल्या चाली आम्ही नंतर पाहिल्या. वार, वार, वार. शेवटच्या वारापुढे तू उद्गारचिन्ह काढलंयस. माझ्याही पाचही ढालीच होत्या, पण मी कशाच्याही पुढे चिन्हं काढली नाहीत.

तुला वाटेल नशीब. नाही रे बाबा. ढाल फक्त हुलीनं फसते, आणि हूल तुला देताच येत नव्हती. चौथ्या प्रकरणात तूच छापलंयस : 'सूर्यकुळातील वीरास हूल देणे शोभत नाही. दिल्यास त्याचे कूळ जाते.' तुझ्या राजपुत्राचा रुबाब सांभाळायला तू हा नियम केलास आणि मग त्याच्यातच अडकलास. धोंडू असता तर त्यानं पहिल्याच चालीत वल्ह्यानं हूल देऊन खारीला पाण्यात पाडलं असतं. धोंडूला मी घाबरले असते. वज्रबाहूची भीती मला एक क्षणही वाटली नाही.

खारीनं एकही वार केला नाही. तुझ्याच नियमांनी, तुझ्याच पाचव्या पायरीवर उभं राहून ती जिंकली. आता शब्द पाळ. चौथं प्रकरण काढ.

सरोजाच्या आईनं आम्हाला साबुदाण्याचे पापड तळून दिले. गणेश तुझ्या वाट्याचेही खाऊन गेला.

संघप्रिया


भाईंदर (पूर्व)
९ ऑक्टोबर १९९४

मितेश,

दीड महिना गप्प बसलास. मला वाटलं नाशिकच्या डाळीत बुडालास. काल पत्र आलं, आणि पहिल्यांदाच एका पानाचं.

'हरलो. मान्य. शब्द पाळतोय. खारीला आता कोणी पाचव्या पायरीवर अडवणार नाही. तिला पुस्तकात मानाचं पान दिलंय. वाचशील तेव्हा दिलेल्या शिव्या परत घेशील.'

शिव्या परत घेणार नाही. त्या योग्य वेळी योग्य माणसाला दिल्या होत्या. 'तुमच्या लोकांना' हे शब्दही मी विसरणार नाही, त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

पण बरं केलंस. हे लिहायला मला जड जातंय, तरी लिहितेय. काल संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर आईला सांगितलं की खारी पुस्तकात येतेय, मानानं. आई दिवसभर स्टीलची भांडी पॅक करून दमलेली असते, तरी म्हणाली, "मला पण दाखव गं छापलं की." प्रेसमध्ये जाऊन प्रुफं बघावी असं एकदा मनात आलं होतं. मग म्हटलं, शब्द दिलाय त्यानं, उगाच पोलीसगिरी नको.

दिवाळीला येशील तेव्हा फराळाला बोलवायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. चकल्या मऊ झाल्या तर बोलवीन.

संघप्रिया


भाईंदर (पूर्व)
१३ नोव्हेंबर १९९४

मितेश,

पुस्तक मिळालं. गणेशनं आणून दिलं, पण या वेळी तो धावत आला नाही. दारातच हातात ठेवलं, "मी फक्त कंपोज केलंय," म्हणाला आणि चहा न घेता गेला. पहिल्या पानावर तुझी सही, 'संघप्रियास, आता तरी हास.'

हसले. असं हसले की आई आतून बघायला आली.

'खारीची गाथा' हे तुझं मानाचं पान. उतरवून काढते, म्हणजे स्वतःचं लिखाण दुसऱ्याच्या अक्षरात कसं दिसतं ते बघ. 'मिठागरातील एका दासीने पळवून आणलेली ही बालिका वस्तुतः चंद्रकुळाची हरवलेली राजकन्या होती. रक्त लपत नाही. म्हणूनच ती सूर्यकुळाच्या वज्रबाहूस नमवू शकली.'

पडलो तरी नाक वर! मिठागरातल्या पोरीकडून हरायचं नव्हतं, म्हणून तू पोरगीच बदललीस. आणि चौथं प्रकरण? जसंच्या तसं आहे. कुळाविना वीर पाचव्या पायरीच्या पुढे जात नाही, तीच ओळ, त्याच पानावर. फक्त उदाहरण बदललंय. खारीच्या जागी आता 'धोंडू नावाडी' आहे. स्वतःच्या धोंडूला तू स्वतःच्या हातानं खाली बसवलंस. हे करताना तुझा हात कसा अडखळला नाही, मला खरंच कळत नाही.

तू म्हणशील, 'अगं, पण खारीला वर नेलं की! राजकन्या केली! अजून काय हवं?'

तेच सांगते. गेल्या महिन्यात कॉलेजात एका मॅडमनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला. नंतर बाहेर थांबवून, पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "किती शुद्ध लिहितेस गं. तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." चांगल्या मनानंच म्हणाल्या. मी "थँक्यू मॅडम" म्हटलं आणि सगळा रस्ता स्वतःवर चिडत घरी आले. मला लिहायला शिकवलं ते सहावीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईनं. पाटी तिच्या मांडीवर असायची. मी चांगलं लिहिलं की मी तिची नाही, असं हे कौतुक. तुझं मानाचं पान तेच आहे, मितेश. खारी जिंकली, म्हणून ती सरूबाईची नाही.

आणि सरूबाईला तू चोर केलंस. इतकी वर्षं जिचा आवाज काढलास, तिला तू पोरं पळवणारी केलंस. मला याचा राग आहेच, पण रागापेक्षा जास्त किळस आली.

आता एक घडलं ते सांगते. ते सांगितलं नसतं, पण तुला तिथे एक उत्तर द्यायचं बाकी आहे.

परवा बाळारामआजोबांनी गणेशबरोबर निरोप पाठवला, नातवाचं पुस्तक आलंय, डोळ्यांना दिसत नाही, कोणीतरी येऊन वाचून दाखवा. सरोजाची ड्युटी होती. मी गेले. तुझ्यावरचा राग त्यांच्यावर काढायची माझी पद्धत नाही. पडवीत बसून पहिल्या पानापासून वाचलं. लढायांच्या नियमांना ते "हां, हां" करत होते, वार-ढाल-हूल त्यांना लगेच समजलं. मग कूळ आलं. प्रकरणाच्या शेवटी तू छापलंयस, 'लेखकाचे घराणे मूळचे सूर्यकुळातील.' गंमत म्हणून छापलं असशील. आजोबांनी मला ते परत वाचायला लावलं.

"आमी राजं कवा व्हतो गं? मना तं ठाव न्हाय." मग म्हणाले, "माजी आई मिठाच्या टोपल्या वाह्यची. डोक्यावरचा केस गेलेला तिचा, टोपली ठेवून ठेवून. या पोराला म्या सांगलेला हाय ते."

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. म्हणजे सरूबाई तुला कुठून सुचली ते मला परवा कळलं.

मी पुस्तक मिटत होते, पण ते म्हणाले, वाच पुढं. मग मी खारीची गाथा वाचली. हळू वाचली, आणि एकही शब्द गाळला नाही. गाळायला हवा होता का, मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मग विचारलं, "आन ती टोपल्या वाहनारी बाय? पोर राजाची निंगाली, मंग तिचा काय झाला? तिला चोर बोलताना कोनी इचारला का न्हाय?"

मी म्हटलं, "आजोबा, हे मितेशनं लिहिलंय. त्यालाच विचारा."

"तो यील तवा इचारीन," म्हणाले. नंतर चहा झाला. निघताना त्यांच्याकडचं पुस्तक त्यांनी माझ्याच हातात दिलं, घरात ठेवून घेतलं नाही. तेव्हा मोरव्याला जाशील तर तयारी करून जा. ते वार करणार नाहीत. नुसतं विचारतील, आणि तू त्यांचा नातू आहेस, तुला उत्तर द्यावं लागेल.

खेळाचं सांगते. आपल्यात पहिल्यापासून ठरलंय, वीर ज्याचा त्याचा, त्याला खेळातून काढायचा हक्क फक्त त्याचाच. मी खारीला सातखिंडीतून काढून घेतलं. तुझ्या पुस्तकात आहे ती कोणी दुसरी. ती चंद्रकुळाची आहे, तिला तूच सांभाळ.

येत्या रविवारपासून आमच्या घरी नवा खेळ सुरू होतोय. सरोजा, गणेश, आमच्या मजल्यावरची सुगंधा आणि मी. सगळे पहिल्या पायरीवर. मीसुद्धा. या वेळी प्रत्येकानं खेळ सुरू व्हायच्या आधी एकच गोष्ट मोठ्यानं सांगायची आहे, आपल्या वीराची आई कोण आणि ती काय काम करते. ती राणी असली तरी चालेल, पण राणी दिवसभर काय करते ते सांगावं लागेल.

तुला यायचं असेल तर मी दार बंद करणार नाही. पण वज्रबाहू घेऊन आलास तर उंबऱ्यावरूनच परत पाठवीन. नवा वीर आण, त्याला पहिल्या पायरीवर बसव, आणि त्याची आई काय काम करते ते चौघांसमोर सांग. तेवढं तोंडातून निघत नसेल तर नाशिकलाच राहा.

आशाची मुलगी,
संघप्रिया